भाटांच्या देशात भाट नसलेली गायिका

रविवारी सकाळी भाची गवार मोडत बसली होती आणि शेजारी तिच्या मोबाईलवर बियॉन्से चालू होती. एका गाण्याच्या सुरुवातीलाच तिचा हात थांबला. "मामा, हे कोण गातंय? ही काही बियॉन्से नाही. आणि हे वाजतंय काय, तुणतुणं?"

गाणं २०१९ सालचं, 'मूड फोर एव्हा' नावाचं. त्यात वापरलेला जुना आवाज माली देशातल्या ऊमू सांगारेचा. वाद्य तुणतुणं नव्हतं, पण अंदाज अगदीच फसलेला नव्हता. त्याचं नाव कामाले न्गोनी. मूळ गाणं तेव्हाच तीस वर्षांचं झालेलं.

"एवढी मोठी आहे का ही बाई?" असं तिने विचारल्यावर मी म्हणालो, "तिकडच्या बायकांच्या हक्कांसाठी गाते." म्हणालो आणि माझं मलाच हसू आलं. हे काय उत्तर झालं? हक्कांसाठी गाते म्हणजे करते काय? घोषणा देते? मोर्चे काढते? आणि गाणारे तर त्या देशात शेकडो वर्षांपासून आहेत, मग हिच्याआधी कोणी तोंड का उघडलं नव्हतं? या शेवटच्या प्रश्नातच खरी गंमत आहे, पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागतं.

गाणं हा जिथे जन्माने मिळणारा धंदा आहे

माली पश्चिम आफ्रिकेत आहे. समुद्रकिनारा नाही, वरचा अर्धा भाग सहारा वाळवंट, खालून नायजर नदी वाहते आणि तिच्याच काठी राजधानी बामाको. १९६० पर्यंत फ्रेंचांचं राज्य होतं. बहुसंख्य लोक मुसलमान. बाजारात, घरात, गाण्यात चालते ती बांबारा भाषा.

या भागात तेराव्या शतकात सुंजाता केता नावाच्या राजाने मोठं साम्राज्य उभं केलं. त्याच्या दरबारी कुयाते घराण्यातला एक गायक होता. राजाची वंशावळ, पराक्रम, करारमदार हे सगळं त्याच्या मुखात. या गवयांना फ्रेंचांनी 'ग्रिओ' म्हटलं आणि जगभर तेच नाव रूढ झालं. तिथले लोक म्हणतात 'जेली'. (खायच्या जेलीशी संबंध नाही. त्या भाषेत याच शब्दाचा दुसरा अर्थ 'रक्त' असा आहे.)

जेली व्हायला जेलीच्याच घरात जन्मावं लागतं. कुयाते, जाबाते अशी आडनावं ऐकली की तिथला माणूस ओळखतो, हे गाणाऱ्यांचं घर. लोहार वेगळे, चामड्याचं काम करणारे वेगळे, आणि लग्नं आपापल्यात. आपल्या बलुतेदारीची आठवण होते ना? होऊ द्या. फक्त एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडच्यासारखी सोवळ्याओवळ्याची उतरंड तिथे जशीच्या तशी नाही. जेलीला लोक एकीकडे मागता म्हणून हिणवतात आणि दुसरीकडे त्याच्या जिभेला घाबरतात.

जेलीचं काम काय? लग्नात, बारशाला, मोठ्या माणसाच्या दारी जायचं, त्याच्या वाडवडिलांची नावं घ्यायची, त्याला फुलवायचं. तो खूष झाला की अंगावरून नोटा ओवाळतो. तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे दृश्य नवं नाही.

आता सरळ हिशेब करा. ज्याची चूल यजमानाच्या स्तुतीवर पेटते तो त्याच यजमानाला भर मांडवात विचारेल का, "मालक, ही तुमची तिसरी बायको, पहिलीचं काय झालं?" जेली राजाला कानपिचक्या देत, भांडणं मिटवत, आडून बरंच काही सुनावत. ती त्यांची खासियतच आहे. पण सुनावायचं ते घराण्याची लाज राखून. उघडं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नाही.

आणि जे जेली नाहीत त्यांनी? त्यांनी गायचंच नाही. सालिफ केता हा जगप्रसिद्ध गायक थेट त्या सुंजाता केताच्या वंशातला. १९४९ साली जन्मला, वर्णहीन त्वचेमुळे आधीच लोकांच्या नजरेत खुपणारा. गाणं धरलं तेव्हा घरच्यांनी त्याला परकं केलं, कारण राजघराण्यातल्या पोराने भाटाचा धंदा करायचा म्हणजे काय!

थोडक्यात, ज्यांना गायचा हक्क होता त्यांना बोलायची मोकळीक नव्हती, आणि ज्यांना बोलता आलं असतं त्यांनी गायचं नव्हतं.

या कुंपणाला भोक पडलं ते जंगलाच्या बाजूने

बामाकोच्या दक्षिणेला वासुलू नावाचा हिरवा पट्टा आहे. माली, गिनी आणि आयव्हरी कोस्ट तिन्ही देशांत पसरलेला. इथले लोक मूळचे फुलानी गुराखी, पण आता बांबाराशी जुळणारी बोली बोलतात. आडनावं ठरलेली चार: जालो, जाकिते, सिदिबे आणि सांगारे. चारांतलं एकही जेलींचं नाही.

इथे शिकाऱ्यांचा मोठा मान. त्यांचं एक वाद्य होतं, डोन्सो न्गोनी. 'डोन्सो' म्हणजे शिकारी. भला मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर कातडं ताणलेलं, लांब दांडा, सहा तारा. हे वाद्य शिकाऱ्यांच्याच विधींमध्ये वाजायचं. शिकारीला निघताना, शिकारी मेल्यावर. त्यात मंत्रशक्ती आहे असं मानत, त्यामुळे ऐऱ्यागैऱ्याने हात लावायचा नाही.

साधारण १९५०-६० च्या सुमारास वासुलूतल्या पोरांनी त्याची छोटी आवृत्ती केली. भोपळा लहान, सूर चढा आणि चाल नाचरी. नाव ठेवलं कामाले न्गोनी. 'कामाले' म्हणजे तरणा पोरगा. म्हणजे 'पोरांचं वाद्य'. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, साहजिकच. देवघरातला टाळ घेऊन पोरांनी ऑर्केस्ट्रा काढावा तसंच ते झालं.

हे वाद्य जवळून पाहा. तारा म्हणजे बरेचदा मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्या. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. वादक भोपळा पोटाशी धरतो आणि दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी यांनी आळीपाळीने छेडतो. सूर पाचच, आपण ज्याला औडव म्हणतो त्या जातीचे. म्हणून आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. भाचीला तुणतुणं आठवलं ते खालच्या तारेच्या त्या ठसक्यामुळे. सोबत लोखंडी नळीवर काडी घासून काढलेली किरकिर, आणि बायकांच्या हातात कवड्यांची जाळी बांधलेले भोपळे. ते वाजवता वाजवता आकाशात भिरकावतात आणि ताल न चुकवता झेलतात.

गाणाऱ्या बहुतेक बायकाच. स्वतःला त्या 'कोनो' म्हणवतात, म्हणजे पक्षी. पक्ष्याला गळा बापाकडून वारशाने मिळत नाही आणि तो कुणाच्या दारी ठरवून गात नाही, असा त्यातला अर्थ. कुंबा सिदिबे, साली सिदिबे, नाहावा दुंबिया या गायिका ऊमूच्या आधीच्या. वाट त्यांनी पाडली, हे विसरून चालणार नाही.

हा सगळा खटाटोप सांगायचं कारण एवढंच: ऊमू सांगारे जे बोलू शकली त्यात तिचं धाडस आहेच, पण तिच्या पायाखालची जमीनही वेगळी होती. तिच्या वाद्यावर कुणा सरदाराचं नाव कोरलेलं नव्हतं.

पाण्याच्या पिशव्या विकणारी मुलगी

ऊमूचा जन्म २५ फेब्रुवारी १९६८ ला बामाकोत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालीत लष्कराने सत्ता घेतली आणि पुढची बावीस वर्षं मूसा त्राओरे याचं राज्य चाललं. पण तिच्या घरातली उलथापालथ याच्याशी संबंधित नव्हती. ती लहान असतानाच वडिलांनी सवत आणली आणि ते दुसऱ्या देशात निघून गेले. आई आमिनाता जाकिते पोरांना घेऊन मागे राहिली.

आई स्वतः गाणारी. लग्नाबारशांना गल्लीत मांडव पडायचा, बायका गोळा व्हायच्या, आईला बोलावणं यायचं. त्यावर भागायचं नाही. मग ऊमू रस्त्यावर थंड पाण्याच्या पिशव्या विकायची. पाच वर्षांची असताना बालवाड्यांच्या स्पर्धेत ती बामाकोच्या मोठ्या स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर गायली होती. पुढे आईबरोबर लग्नांत गाऊ लागली. सोळाव्या वर्षी 'जोलीबा पर्कशन्स' नावाच्या पथकाबरोबर युरोपचा दौरा झाला.

परत आल्यावर तिने ठरवलं, की आपलं गाणं आपल्या वासुलूचंच हवं. आमादू बा गिंदो या संगीतकाराबरोबर तिने वाद्यमेळ बांधला. कामाले न्गोनी मध्यभागी, बाजूला बास आणि इलेक्ट्रिक गिटार, आणि फुलानींच्या एकतारी सारंगीच्या जागी चक्क व्हायोलिन. १९८९ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात जाऊन ध्वनिमुद्रण केलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

कॅसेटचं नाव 'मुसुलू'. बांबारात त्याचा अर्थ 'बायका'. बस, एवढंच.

कॅसेटमध्ये असं होतं तरी काय?

दोन लाखांच्या वर प्रती खपल्या. हा आकडा रस्त्यावर सर्रास विकल्या जाणाऱ्या नकली कॅसेटी सोडून. टॅक्सीत, केशकर्तनालयात, बाजारात भाजीच्या ढिगामागे एकच आवाज. आणि ती गाणी ऐकताना अनेक पुरुषांची पंचाईत होत होती.

तिच्या गाण्यांत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सवत. हा शब्द मराठीत वापरता येतो याचं मला बरं वाटतं, कारण इंग्रजीत त्याचं 'को-वाइफ' होतं आणि सगळं विष निघून जातं. सवतीची गाणी आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्येही आहेत. पहाटे दळताना, घरातले पुरुष झोपलेले असताना, बाई जात्याला सांगायची. ऊमूने तेच केलं, फक्त जातं माजघरातून उचलून लाऊडस्पीकरसमोर आणून ठेवलं. जे बायका एकमेकींत बोलत होत्या ते पुरुषांना ऐकू येईल एवढ्या मोठ्याने कोणीतरी म्हटलं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. बियॉन्सेने घेतलेलं 'जाराबी नेने' हे गाणं याच कॅसेटमधलं. विषय काय, तर प्रेमाने अंगावर उठणारा शहारा. बाईच्या अंगावर उठणारा, आणि तोही बाईच्याच तोंडून. बाईला सोसायचं असतं हे सगळ्यांना मान्य होतं, सवतीच्या गाण्यावर हळहळायलाही लोक तयार होते. पण बाईला हवंही असतं, हे तिने म्हटल्यावर वडीलधाऱ्यांना घाम फुटला. माझ्या मते तिचं जास्त धाडसी गाणं हेच, सवतीवरची गाणी नंतर.

इथे एक शंका हमखास येते. ही बाहेरच्या लोकांनी मोठी केलेली गायिका तर नव्हे? गोऱ्यांना आफ्रिकेतल्या बायकांची दुःखं आवडतात, वगैरे. तर तारखा पाहा. कॅसेट आधी मालीत आणि शेजारच्या देशांत गाजली. मग उत्तर मालीचा थोर गिटारवादक अली फार्का तूरे याने लंडनच्या वर्ल्ड सर्किट कंपनीला तिचं नाव सुचवलं आणि १९९१ मध्ये तिथून ती बाहेर आली. पुढचे दौरे, फ्रान्सचे सन्मान, २०११ मध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या गाण्यात सहभागी म्हणून मिळालेलं ग्रॅमी, हे सगळं त्यानंतरचं. पहिला कौल भाजीबाजाराने दिला होता.

दहा बियांचा व्यवहार

१९९६ च्या संग्रहाचं नाव 'वोरोतान'. 'वोरो' म्हणजे कोलाची बी, 'तान' म्हणजे दहा.

कोलाची बी कडवट असते, चघळली की तरतरी येते. कोका-कोलातला 'कोला' तो हाच. मालीच्या कोरड्या भागात ती पिकत नाही, दक्षिणेच्या जंगलातून येते, म्हणून मोलाची. पाहुण्याला देतात, थोरामोठ्यांपुढे ठेवतात. आणि मुलीला मागणी घालायची तर तिच्या घरी दहा बिया पाठवतात. बिया स्वीकारल्या की बोलणी पुढे सरकली. आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं म्हणतात, तसंच.

बियांमागून येतं देज. हाही शब्द आपल्याकडे आहे, पण हुंड्याच्या धुरळ्यात तो हरवला. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो, देज उलट्या दिशेने, मुलाकडून मुलीच्या घरी. वरवर पाहता देज बरं वाटतं. मुलीची किंमत केली, तिच्या आईबापाला भार झाला नाही. ऊमूचा मुद्दा वेगळा आहे. दिलं म्हणजे घेतलं, आणि घेतलं म्हणजे मालकी. दहा बियांच्या बदल्यात बाई आयुष्यभराची बांधली जाते, असं ती त्या गाण्यात मांडते. परत जायचं तर देज परत करा, आणि बापाकडे ते कधीच खर्च झालेलं असतं.

मग कायदा काय म्हणत होता? स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत, १९६२ साली, मालीने विवाहाचा कायदा केला आणि देजाला मर्यादा घातली. त्याच कायद्यात आणखी एक चमत्कारिक सोय होती. लग्नाची नोंदणी करताना नवऱ्याला सांगावं लागतं, की हे लग्न एकपत्नीचं की अनेकपत्नींचं. पर्याय निवडायचा. आणि बायकोची संमती असेल तर एकपत्नीचा पर्याय नंतर बदलता येतो. कागदावर बाईला नकाराचा हक्क मिळाला. पण सासू, आई, मावश्या भोवती उभ्या असताना विशीतल्या मुलीने अधिकाऱ्यासमोर "एकच" म्हणायचं, हे किती जणींना जमेल ते तुम्हीच सांगा. शिवाय कितीतरी लग्नं नोंदणीपर्यंत जातच नाहीत, मशिदीतच उरकतात.

'पण धर्मानेच परवानगी आहे ना?'

आहे. चारपर्यंत, आणि सगळ्यांना सारखं वागवण्याच्या अटीवर. ऊमू स्वतः श्रद्धाळू मुसलमान आहे आणि धर्माच्या विरोधात ती गात नाही. ती अटीवर बोट ठेवते. सारखं वागवता येत नाही हे तिने आईच्या घरात पाहिलंय, त्यासाठी तिला ग्रंथ उघडावा लागत नाही.

आणि 'त्यांच्याकडे असंच असतं' म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाने दुसरी बायको करणं हा गुन्हा ठरला तो १९४६ च्या कायद्याने, आणि देशभर १९५५ च्या. आपल्या पणज्यांच्या ओव्यांत सवत आहे ती उगाच नाही. त्या १९४६ च्या कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलं होतं. ज्यांच्या नावाने तो खटला कायद्याच्या पुस्तकांत शिकवतात त्यांचं आडनाव योगायोगाने माळी. भाचीला हे सांगितल्यावर ती गवार सोडून हसत सुटली.

'गाण्याने काही बदललं का?'

हा सगळ्यात रास्त प्रश्न, आणि त्याचं उत्तर गोड नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मालीच्या संसदेने नवी कुटुंब संहिता मंजूर केली. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी हे कलम काढलं, मुलींच्या लग्नाचं वय अठरा केलं, वारसाहक्कात मुलींना आणि अनौरस मुलांना जास्त जागा दिली. बहुपत्नीत्वाला तर त्यातही हात लावलेला नव्हता. तरीही गहजब झाला. बामाकोच्या स्टेडियममध्ये हजारो लोक जमले. विरोधाचं नेतृत्व इस्लामी परिषदेने केलं, आणि विरोध करणाऱ्यांत बायकाही होत्या. राष्ट्राध्यक्ष आमादू तुमानी तूरे यांनी सही न करता मसुदा परत पाठवला. २०११ मध्ये जो कायदा झाला त्यात बायकोची आज्ञाधारकता परत आली आणि मुलींचं वय सोळावर आलं. २०१८ मध्ये आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयाने हा कायदा मालीने स्वतः मान्य केलेल्या करारांच्या विरोधात असल्याचा निकाल दिला.

म्हणजे 'मुसुलू' येऊन वीस वर्षं झाली, ती गाणी घराघरांत पाठ होती, आणि तरी हे झालं. गाणं आवडणं वेगळं आणि त्यापायी आपल्या घरातला अधिकार सोडणं वेगळं. लग्नात ऊमूच्या गाण्यावर नाचणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात स्टेडियमवर गेला असेल, यात मला काही विसंगत वाटत नाही. आपण अभंग म्हणत म्हणत काय काय करतो ते आठवावं.

मग गाण्याने काय केलं? विषय बोलण्यात आणला. आधी सवतीबद्दल कुरकुर करणारी बाई म्हणजे मत्सरी, कजाग. आता तिच्याकडे ऊमूचं नाव घ्यायची सोय झाली. भांडण आपल्या तोंडाने न करता गाण्याच्या तोंडाने करता येतं. लिहितावाचता न येणाऱ्या बाईला कायद्याचं कलम सांगता येत नाही, पण कॅसेटची दुसरी बाजू लावता येते. तिने ती नवरा घरात असतानाच लावली, तर काय म्हणायचं ते म्हणून झालं.

'स्वतः मात्र हॉटेल बांधलं की!'

बांधलं. बामाकोत तिचं 'होटेल वासुलू' आहे. शेती केली. चीनहून मोटारगाड्या आणून 'ऊम सांग' या नावाने विकल्या. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला सदिच्छादूत केलं. वासुलूत यानफोलिला इथे तिने संगीत महोत्सव सुरू केला.

यावर नाक मुरडणारे आहेत. गरिबांची गाणी गाऊन श्रीमंत झाली, असं म्हणतात. मला वाटतं इथे पुन्हा जेलींचा मुद्दा आठवावा. ओवाळलेल्या नोटांवर जगणाऱ्याला नोटा ओवाळणाऱ्याचं तोंड पाहावं लागतं. ज्या बाईला जेवायला हॉटेलचा गल्ला आहे तिला कुणाची वंशावळ गायची गरज नाही. आईला एका नवऱ्याच्या जाण्याने पाण्याच्या पिशव्यांवर यावं लागलं, हे पाहिलेल्या मुलीने विटा-सिमेंटवर भरवसा ठेवला तर नवल नाही.

आक्षेपातलं खरं तेवढं मान्य करतो. वासुलूच्या गायिकाही आश्रयदात्यांची नावं गाण्यात गुंफतात, त्यांनाही नोटा मिळतात. पक्षी आहेत, पण दाणे टाकणाऱ्याच्या अंगणात उतरतातच. कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे असा काटेकोर हिशेब मालीत कोणाचाच लागत नाही.

बंदी, टाळेबंदी आणि एक उलटा प्रकार

२०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र जिहादी गटांच्या हातात गेली. टिंबक्टू, गाओ, किदाल या शहरांत संगीतावर बंदी आली. लग्नातलं गाणं बंद, रेडिओवरचं बंद, मोबाईलच्या रिंगटोनसुद्धा बंद. 'गाण्याने काय होतं' असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: बंदुका हातात असलेल्या माणसांना रिंगटोनची दखल घ्यावीशी वाटली. त्यावेळी फातुमाता जावारा हिने देशभरातल्या गायकांना एकत्र करून शांततेचं गाणं केलं, त्यात ऊमूही होती. जावारा एके काळी ऊमूच्या मागे कोरसमध्ये उभी राहायची.

२०२० च्या मार्चमध्ये ऊमू अमेरिकेत गेली आणि टाळेबंदीत अडकली. बाल्टिमोरमध्ये घर घेतलं आणि कामाले न्गोनीवादक मामादू सिदिबे याच्याबरोबर गाणी बांधत बसली. २०२२ मध्ये आलेल्या त्या संग्रहाचं नाव 'टिंबक्टू'.

भाचीला एवढं सगळं सांगून होईस्तोवर गवार शिजत पडली होती. तिने मोबाईलवर ऊमू सांगारे हे नाव टाकून शोधलं आणि म्हणाली, "अरे, या नावाचं तर गाणंच आहे!" आहे खरं. २०१७ मधलं, फ्रान्समधल्या आया नाकामुराचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सोनेरी कपड्यात गायली ती. आया जन्मली बामाकोत, आणि तिचं खरं घराणं जेलींचं. म्हणजे ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांची नावं गाण्यात गेल्या त्या घरातल्या मुलीने गाण्याला नाव दिलं ते ऊमू सांगारेचं.

गाणं मात्र ऊमूच्या चरित्राबद्दल अजिबात नाही. भाचीने ते दोनदा ऐकलं, मग पुन्हा 'जाराबी नेने' लावलं आणि म्हणाली, "मामा, हीच जास्त भारी आहे."